पैसे बाकी असलेला आवाज

महेश्वरीचा आवाज निम्म्या सोलापूरच्या ओळखीचा. चेहरा मात्र गल्लीबाहेर कुणाला ठाऊक नाही. साड्यांचा सेल, दातांचं शिबिर, नवी शिकवणी, हरवलेलं म्हातारं माणूस... रिक्षावर भोंगा बांधून गावात जे जे फिरतं, त्यातलं बरंच तिच्याच तोंडचं. माहेर मैंदर्गीचं, म्हणून घरात कानडी आणि शाळेत मराठी. "एका तोंडात दोन दुकानं," असं तिचा नवरा चनबसप्पा म्हणायचा. तो पतसंस्थेत कारकून. ती जुळे सोलापुरातल्या घरी गोधड्यांच्या कपाटात डोकं खुपसून मोबाइलवर रेकॉर्डिंग करायची. कपाटात आवाज घुमत नाही.

बोलणं तिला कधीच जड गेलं नाही. जड जायची वसुली. आवाज म्हणजे काही लुगडं नव्हे, पैसे नाही दिले तर ओढून आणायला. एकदा समोरच्याच्या फोनवर पोचला की गेला. एका चप्पलवाल्यानं "ऐकून सांगतो" म्हणून फाइल घेतली, "नको ताई, आवाज जरा जाड वाटतो" असं कळवलं आणि दिवाळीभर तोच जाड आवाज गावात फिरवला.

तेव्हापासून तिनं एक युक्ती काढली होती. नमुना पाठवताना दर दोन-तीन वाक्यांमागे, त्याच खणखणीत सुरात ती म्हणून ठेवायची, "हा नमुना आहे. याचे पैसे अजून बाकी आहेत." पैसे आले की हे वाक्य नसलेली साफ फाइल पाठवायची.

"अगं, भल्या माणसाला काय वाटेल?" चनबसप्पानं एकदा विचारलं.

"भला असला तर पैसे देईल आणि विसरेल."

"सगळेच काय चोर असतात?"

"नसतात. पण कपाळावर लिहून येत नाहीत ना."

अशात गुरुबसप्पांचा फोन आला. गाद्यांची तीन दुकानं. कन्ना चौकात, अक्कलकोटला आणि मैंदर्गीला. त्यांना वर्षभर जाहिराती करायच्या होत्या, मराठीत आणि कानडीतही. पहिली, येत्या सेलची, जमली तर पुढचं सगळं काम तिचंच. वर्षभराचं एकगठ्ठा काम महेश्वरीला आजवर कुणी दिलं नव्हतं. म्हणूनच तिला पहिली शंका आली, की हा माणूस एवढा गूळ का दाखवतोय?

"ऐकल्याबिगर पैसे कसले हो बाई?" गुरुबसप्पा फोनवर म्हणाले. "गादीसुद्धा गिऱ्हाईक दाबून बघतंय की."

"दाबून बघतं, अण्णा. घरी नेऊन महिनाभर झोपून नाही बघत."

ते हसले. ती हसली नाही.

"आणि पैसे घेऊन तुम्ही फोनच नाही उचलला तर? मागच्या खेपेला एक पोरगं होतं पुण्याचं. सगळा रोक्का आधी घेतला. सेलची तारीख बदलायची म्हटलं तर फोन बंद. जुनीच तारीख ओरडत फिरली की गाडी!"

"मी पुण्याची नाही."

"सगळे असंच म्हणतात."

शेवटी निम्मे आधी, निम्मे पसंतीनंतर असं ठरलं. निम्मे आलेही. महेश्वरीनं नमुना पाठवला. उत्तर म्हणून आला नुसता एक अंगठा. आता या अंगठ्याचा अर्थ काय लावायचा? आवडलं? पोचलं? की बसा आता वाट बघत? रात्र झाली तरी पैसे नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आसरा चौकात मेथीची जुडी निवडत होती, तेवढ्यात मागून भोंगा आला.

"जुनी गादी आणा, नवी गादी न्या! गुरुबसप्पा गादी भांडार, कन्ना चौक! झोप अशी, की कोंबडा ओरडून दमेल! हा नमुना आहे. याचे पैसे अजून बाकी आहेत."

भाजीवालीनं तराजू खाली ठेवला. "अगं बया! कुणाचं बुडवलं गं गादीवाल्यानं?"

"कुणाचं तरी असेल," महेश्वरी म्हणाली आणि जुडी तिथंच टाकून रिक्षामागे चार पावलं धावली. रिक्षा वळून गेली. पहिल्यांदा तिला बरं वाटलं. सापडला! नमुनाच चालवत होता लबाड, आणि बिनडोकपणे तसाच. मग पुढचं सुचलं. आता हा माणूस दुसरं काम देईल? वर्ष गेलं. शिवाय गावात बोभाटा झाला की बाकीचे दुकानदारही म्हणणार, त्या बाईकडे जाऊ नका, भर चौकात अब्रू काढते.

ती तडक कन्ना चौकात गेली.

दुकानात छतापर्यंत गाद्या. मधे पांढऱ्या सदऱ्यातले साठीचे गृहस्थ, एका कानाला एक फोन, हातात दुसरा वाजतोय. "नाही हो शेठ, तुमच्या कापसाचे वेगळे... अहो, रिक्षा काहीही बोलतीय! देणार आहे म्हटलं की! हां, हां, आजच कशाला येताय?" त्यांनी फोन ठेवला. घाम पुसला. समोरच्या बाईकडे बघून म्हणाले, "सिंगल का डबल?"

"गुरुबसप्पाअण्णा तुम्हीच का?"

एवढंच बोलली ती. दुकानातली दोन गिऱ्हाइकं गर्रकन वळली. गुरुबसप्पांचं तोंड उघडंच राहिलं. रिक्षावरचा आवाज पदर खोचून समोर उभा होता.

"अय्यो! तुम्ही!" ते ओरडले. "माझं नाक कापलं की हो बाई! सकाळपासून जो तो विचारतोय, आमचे कधी देता? कापूसवाला, कापडवाला, शिलाईवाला! मुद्दाम केलंत ना हे?"

"मी मुद्दाम? पैसे न देता नमुना फिरवला कुणी?"

"मी कशाला फिरवू? मी काय बहिरा आहे?"

"मग रिक्षा काय आपोआप बोलली?"

रिक्षावाल्या कोंडीबाला बोलावलं. तो निवांत आला, दारातून रामराम केला. गुरुबसप्पा त्याच्यावर गरजले, तरी तो हसतच उभा. मग त्यानं कानांतून कापसाचे दोन बोळे काढले.

"आता बोला मालक. काय म्हनत हुता?"

दिवसभर डोक्यावर भोंगा वाजणार, म्हणून कोंडीबा कानात कापूस घालूनच गाडी चालवायचा. आपण काय ओरडत फिरतो ते त्यानं कधी ऐकलेलंच नव्हतं.

"तुला फाइल नुसती किती वेळ चालते ते बघायला पाठवली होती! फिरवायला कुणी सांगितलं?"

"सांगितलं न्हाय. पर तुमी काल त्या दुसऱ्या रिक्षावाल्याशी बोलताना दिसला. म्हटलं, काम जायाच्या आधी गाडी सुरू करावी. एकदा फिरली म्हंजे भाडं कुटं जातंय?"

महेश्वरीनं चोराच्या भीतीनं वाक्य घातलं, मालकानं फसण्याच्या भीतीनं पैसे अडवले, कोंडीबानं काम जाईल म्हणून गाडी हाकली.

"साफ आवाज द्या आत्ताच्या आत्ता," गुरुबसप्पा म्हणाले. "गाडी फिरू दे. पैशाचं संध्याकाळी बघू."

साफ फाइल महेश्वरीच्या मुठीतल्या फोनमध्येच होती. एक बोट टेकवायचा अवकाश. 'बघू' हा शब्द मात्र तिच्या कानात खड्यासारखा गेला. चप्पलवालाही असंच 'सांगतो' म्हणाला होता. द्यावी, तर हा रागावलेला माणूस बाकीचे कापून घेणार. न द्यावी, तर निम्म्या पैशांसाठी वर्ष घालवायचं.

"एक सांगा, अण्णा. आवाज आवडला होता ना?"

"आवडला की."

"मग काल पैसे का नाही आले?"

गुरुबसप्पा गादीच्या कडेचा दोरा ओढत राहिले. "माल वेळेवर येतोय का नाही, माहीत नाही. तारीख सरकली, तर पुन्हा बोलायला कोण येणार? पैसे हातात असले म्हणजे माणूस फोन उचलतंय."

"हे आधी बोलायचं होतं ना! मला वाटलं..."

"काय? चोर?"

"हो."

"मलाही तुम्ही तशाच वाटला."

त्यानंतर जे ठरलं, ते आठवडी बाजारात शेळी ठरावी तसं, घासाघीस करून. उरलेल्या निम्म्यातले निम्मे आत्ता, साफ फाइल देताना. शेवटची पावली, म्हणजे उरलेला चौथा हिस्सा, सेल सुरू झाल्यावर. तोवर दोन बदल फुकट, तिसऱ्याला वेगळे पैसे. सेल संपला की आवाज बंद. परत वाजवायचा तर परत विचारायचं. आणि नमुना फोनवर पाठवायचा नाही, समोर बसून ऐकवायचा.

"तोंडी चालेल की," गुरुबसप्पा म्हणाले.

"तोंडीच करू," म्हणत महेश्वरीनं मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि गाद्यांच्या थप्प्यांमध्ये उभी राहून सगळ्या अटी सेलच्याच सुरात म्हटल्या. कापसानं सगळा आवाज पिऊन टाकला. तिच्या कपाटापेक्षा जागा चांगली होती. मग तिनं फोन त्यांच्यापुढे धरला. मघाशी दुकान डोक्यावर घेणारा माणूस खाकरला आणि शाळेतल्या पोरासारखा पुटपुटला, "मी गुरुबसप्पा. कबूल."

"आन माजं?" कोंडीबा म्हणाला.

"तुझं काय?"

"आजच्या फेरीचं भाडं. तेबी यंत्रात घाला."

"चुकीच्या फेरीचं भाडं? एक पैसा नाही!"

"गाडी फिरली का न्हाय?"

मन नको म्हणत असतानाच महेश्वरीच्या तोंडून गेलं, "फिरली ना, अण्णा. काम केलंय त्यानं."

गुरुबसप्पांनी डोळे बारीक केले. "असं? मग निम्मं तुम्ही द्या. वाक्य तुमचंच होतं."

तिला राग आला. पण वाक्य तिचंच होतं. तिनं पैसे पाठवले आणि कोंडीबाकडूनही "पोचले" असं रेकॉर्ड करून घेतलं.

गुरुबसप्पांचे पैसे आले. तिनं बँकेचा मेसेज वाचला, मग खातंही उघडून बघितलं आणि साफ फाइल दिली. पावली बाकी असताना तिचा साफ आवाज गावात जायची ही पहिलीच वेळ. मन हलकं झाल्यासारखं वाटलं नाही. काहीतरी दुकानातच विसरल्यासारखं वाटत राहिलं.

"मी येते रिक्षातून," ती कोंडीबाला म्हणाली. "घर वाटेवरच आहे."

रिक्षा निघाली. डोक्यावर तिचाच आवाज. गादी, कोंबडा, पत्ता, तारीख, मग कानडी, मग पुन्हा गादी. ती एकेक शब्द ओठ हलवत तपासत होती. सात रस्ता गेला. आसरा चौक आला. कोंडीबानं गाडी बाजूला घेतली आणि एका कानातला बोळा काढला.

"बराबर वाजतंय न्हवं, बाई?"

"वाजतंय."

"मग उतरा की. घर आलं तुमचं."

"चल, अजून एक चौक."