दहा तारांचा पाहुणा

गेल्या वर्षी माझ्या डाव्या हाताची दोन बोटं आखडली आणि त्यांच्याबरोबर देवावरचा विश्वासही थोडा आखडलाच, खोटं कशाला सांगू? आमच्या लश्कर भागातल्या दत्तमंदिरात दर गुरुवारी भजनाला मी सतार वाजवायचे. कुणाकडे शिकले नव्हते, ऐकून ऐकून आलेली. आता तारच दाबली जाईना. "महाराज, माझी सेवा नको असेल तर नको," म्हटलं, आणि सतार भजनातल्या एका मुलीला द्यायचं ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यात सूनबाईनं वरच्या खोलीत एक पाहुणा ठेवला. ब्राझीलचा, साठीचा, गाण्याच्या समारंभाला आलेला. त्याचं वाद्य गिटारीसारखं, पण तारा दहा, जोडीजोडीनं. तिकडे त्याला व्हियोला म्हणतात. मी कौतुकानं उचललं, तर आत काहीतरी खुळखुळलं. मोडलं की काय! सूनबाईनं त्याला विचारलं आणि म्हणाली, "आई, घाबरू नका, आत सापाच्या शेपटीचा खुळखुळा आहे. त्यानं आवाज गोड होतो म्हणे." आता नाग घरी आल्यावर मी नुसती बसेन का? हळदकुंकू आणून वाद्याला वाहिलं. तो खो खो हसला. सूनबाई म्हणाली, "बस, आता दूध पण पाजा!"

मग मी त्याला प्रश्नांनी भंडावलं. गुरू कोण? कुणीच नाही. शेतावरच्या गड्यांचे हात बघून शिकलेला. तरुणपणी उसाच्या चरकात दोन बोटं गेली. मग? मग त्यानं तारा अशा लावल्या की न दाबताच सुरात बोलतील, वर एकच बोट फिरवायचं. तसाच नाताळानंतर देवाची गाणी गात दारोदार हिंडला, लग्नांत वाजवलं, पुढे रेडिओवर, आता देशोदेशी. इतका वेळ माझं लक्ष वाद्याकडेच होतं. त्यानं हात पुढे केला. डावा! मी माझाही हात पुढे केला.

त्यानं सतार मागितली. मला भजन म्हणायला लावलं आणि माझ्या सुराला एकेक तार लावत बसला. एक तुटली, तेव्हा सूनबाई बाड्यावरच्या बाजारातून नवी घेऊन आली.

गुरुवारी वाजवलं. सतार न्यायला आलेल्या मुलीला म्हटलं, "अजून थोडं थांब गं." ती म्हणाली, "आराम से, काकू!"

पूर्वीच्या हरकती आता निघत नाहीत, साधे सूर तेवढे येतात. पण इतकी वर्षं मी माझ्याच बोटांत गुंतलेली असायचे. त्या दिवशी पहिल्यांदा मंदिरातली सगळी माणसं गाताना मला ऐकू आली. त्याला कुणी पाठवलं ते मी विचारत नाही. माझं दाबणं महाराजांनी थांबवलं, वाजणं ठेवलं. एवढं पुष्कळ आहे.