गल्लीभर फिरलेला फिल्टर

आमच्या मामाजींना घरातली वस्तू घरात राहिलेली बघवत नसे. कुणी शिडी मागायचा अवकाश, हे आमचे सासरेबुवा ती खांद्यावर टाकून त्याच्या घरी पोचवून येत. वर मलाच विचारत, "सूनबाई, शिडी काय आपल्याले रोज लागते?" शिडीचं मी चालवून घेतलं, पण फिल्टरच्या वेळी माझं डोकंच फिरलं.

जळगाव जामोदचं आमचं बोअरचं पाणी म्हणजे निव्वळ खार. कुलरच्या बाजूंच्या गवती ताट्यांवर बघता बघता पांढरं कवच चढतं, मग कुलर गरम हवा फेकतो. सासूबाईंचं डावं अंग लुळं पडलेलं. त्यांचा सारा दिवस त्या कुलरसमोर. पाठ घामोळ्यांनी भरून जायची. म्हणून ह्यांनी पाण्याच्या नळीला लावायचा फिल्टर आणला. डबीत पांढरे दाणे; त्यांतून गेलेलं पाणी खार धरत नाही. दाणे विरघळून संपले की नवे भरायचे, एवढं साधं.

पण बसवायला मिस्त्री नको! "मी काय मेलो काय?" म्हणत मामाजी पाना घेऊन बसले. डबीवर बाण आहे हो, मी ओरडून सांगतेय. ऐकतील तर शपथ! उलटी बसवली, क्लिप सैल ठेवली, मोटर लावली आणि नळी सुटून पाणी थेट सासूबाईंच्या खाटेवर. त्या मात्र खूश. "लई दिसानं गार वाटलं वं मले!" शेवटी डबी सुलटी बसली. ताट्या स्वच्छ राहू लागल्या. म्हटलं, चला, सुटलो.

मग समोरच्या काकूंनी सहज विचारलं. झालं! मामाजींनी फिल्टर काढला आणि त्यांच्या नळीला बसवून आले. आता बाण बरोबर! मग शेजारचे मास्तर, मग कोपऱ्यावरचा शिंपी. आमचा कुलर भरायच्या वेळी फिल्टर घरात नाहीच. दाणे आणायचे आम्ही, विरघळायचे गल्लीत.

"मामाजी, आईंना उकडतं हो!"

"अन् त्यायले नाही उकडत का? आनतो ना आत्ता."

ते आत्ता कधी उजाडलंच नाही. सासूबाई उजव्या हातानं पंखा हलवत मलाच समजावत, "जाऊ दे वं. माह्या लग्नातली परात कोनाच्या घरी हाय, तेबी त्यायलेच ठाव."

गेल्या वैशाखात मामाजी गेले. नणंदबाई पुण्याहून यायच्या होत्या, म्हणून संध्याकाळपर्यंत थांबायचं होतं. बैठकीत माणसांची गर्दी, सासूबाईंची खाट मामाजींच्या देहाजवळ आणलेली, आणि आमचा कुलर भट्टीसारखा. फिल्टर कुणाकडे होता देव जाणे. रडता रडता माझा संताप झाला. जगाला गारवा वाटणाऱ्या माणसाला आज स्वतःच्या घरात गार वारा नसावा?

तेवढ्यात समोरच्या काकू आणि त्यांचे यजमान आपला कुलर ढकलत आत आले. मागून मास्तरांचा आला, मग शिंप्याचा. कुणी काही न सांगता, आपापली घरं उकडत ठेवून, गल्लीनं आमच्या बैठकीत कुलर लावले. मी ताट्या बघत राहिले. एकीवरही खार नव्हता. आमचीच तेवढी पांढरी.

थोड्या वेळानं सासूबाईंनी मला खुणावलं. त्यांचा हात मामाजींच्या हातावर होता.

"सूनबाई, शाल दे वं," त्या म्हणाल्या. "थंडी वाजून राह्यली मले."

भर वैशाखात मी कपाटातून शाल काढली.