खडकापाशी उरलेलं पांढरं

होडीवर बसवायची, मासे दाखवणारी दोन यंत्रं दुकानदाराने काउंटरवर ठेवली. एकात आमच्या तलावाचा तळ आधीच भरलेला होता, कुठे किती खोल ते आकड्यांसकट. दुसऱ्यात होडी फिरेल तेवढाच नकाशा उमटणार होता.

“पहिलं घ्या दादा, एकही जागा सुटत नाही,” दुकानदार म्हणाला.

भावाने ते हळूच मागे सरकवलं. “दुसरं द्या.”

खडकापाशी त्याची लेक बुडाली, तेव्हापासून आमची होडी तिकडे वळत नाही. तिथे पाणी किती खोल आहे हे कळून आता काय करायचं, एवढंच माझ्या मनात आलं. रडू आलं नाही. घरात कुणालाच येत नाही हल्ली.

महिनाभरात पडद्यावर सगळा तलाव भरला, खडकापाशी तेवढं पांढरं उरलं. भाऊ त्यावर अंगठा ठेवतो आणि बाकीच्या तलावात मासे शोधतो.