लाईट गेली की पुस्तक

आम्ही आमगावचे जुने दोस्त भेटलो की विषय कुठूनही निघो, शेवटी सेवकभाऊच्या गेम पार्लरवरच येतो. प्रत्येकाकडे एक नवीन किस्सा निघतोच. इतके किस्से साचलेत की खरे कोणते आणि आम्ही वाढवलेले कोणते, आता आम्हालाही सांगता येत नाही.

पार्लर म्हणजे शाळेमागचं टिनाचं शेड अन् दोन मशिनी. दोन हजार साल नुकतंच लागलेलं. आपली पाळी आधी लागावी म्हणून दिवसभर "माहा नंबर, माहा नंबर" असा कल्ला. पण लोडशेडिंग असं की गेम रंगात आला की लाईट गुल.

मग सेवकभाऊनं नियम केला. लाईट गेली की दारातल्या उजेडात बसून पुस्तक काढायचं. ज्याच्याजवळ पुस्तक नाही, त्याचा नंबर गेला. तेव्हापासून आम्ही गेम खेळायला दप्तर घेऊन जायचो. माझी आई शेजारणीला म्हणायची, "पोरगं शाळेत जातानी दप्तर विसरते, अन् खेळायले जातानी बरोबर नेते. काऊन बापा?"

*

एकदा हेडमास्तर छडी घेऊन धाड टाकायला आले. आमचं नशीब, तेव्हाच लाईट गेलेली. सर दारात येऊन पाहतात तर दहा-बारा पोरं खाली मान घालून वाचून राहिली.

सरांनी छडी पाठीमागं घेतली. म्हणाले, "सेवक, तू शिकवणी कवापासून चालू केली?"

"लाईट येईपर्यंतच हाये सर."

*

परीक्षा जवळ आली की लाईट जरा जास्तच जायला लागायची. एक दिवस माझं लक्ष समोरच्या पानठेल्यावर गेलं. तिथं बल्ब चालू! सेवकभाऊनं आमचा मेन स्विच हळूच खाली केला होता.

मी म्हटलं, "भाऊ, त्याच्याकडे तर लाईट हाये."

"त्याची परीक्षा नाही," सेवकभाऊ म्हणाला.

*

आमच्यातला खरा खेळणारा टेकचंद, म्हणजे टेकू. दहावीला गणितात नापास झाला. त्याच्या बाबूजीनं ठरवलं, बस झाली शाळा, आता राईस मिलमध्ये पोते उचलायचे. टेकू पार्लरमध्येच आहे म्हटल्यावर ते हात धरून न्यायला आले.

"गेमच्या पायी गेला माहा पोरगा," ते सेवकभाऊवर ओरडले.

सेवकभाऊ म्हणाला, "काकाजी, मी तर कधी गेम खेळलो नाही. तरी दहावीच्या गणितात दोनदा गचकलो. मंग शाळा सोडूनच देल्ली. त्याले नका सोडू देऊ."

बाबूजीला हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत मुदत दिली. त्यातही नापास झाला तर मिल.

*

ते महिने टेकूचे वाईट गेले. एक गणित चुकलं की वही फेकायचा. सेवकभाऊ वही उचलून आणायचा.

"गेममध्ये मेला की तू काय करतेस बे?"

"पयल्यापासून घेतो."

"मंग हेबी घे."

आणि टेकू घ्यायचा. सेवकभाऊ बाजूला बसून विचारत राहायचा, "हे कसं आलं? अन् हे?" आम्हाला वाटायचं, भाऊ त्याच्यावर नजर ठेवून राहिला. असा माणूस आम्हाला मिळाला, हे आमचं भाग्यच.

*

ऑक्टोबरला टेकू पास झाला. मार्कही चांगले पडले. बाबूजी स्वतः पेढे घेऊन पार्लरमध्ये आले.

सेवकभाऊ म्हणाला, "टेकू, आज मशीन तुही. खेळ." आणि टेकू असा खेळला की आमच्यापैकी कोणी कधी न पाहिलेली शेवटची स्टेज त्यानं पार केली. शेड दणाणलं. तो उठायच्या आत सगळे हँडलवर तुटून पडले, "माहा नंबर, माहा नंबर!"

तेवढ्यात स्क्रीन काळी झाली.

सवयीनं आम्ही समोर पाहिलं. पानठेल्याचा बल्ब जळत होता. मागं वळून पाहिलं तर सेवकभाऊचा हात मेन स्विचवर, आणि दुसऱ्या हातात दहावीचं गणिताचं पुस्तक.

स्टूल दारातल्या उजेडात ओढून तो टेकूजवळ बसला.

"आता माहा नंबर," तो म्हणाला. "पयल्यापासून घे."