इरिओमोतेच्या आजींना मी ‘येतो’ म्हणालो

मी देवाला हात जोडतो ते फक्त सॉफ्टवेअरच्या प्रॉडक्शन रिलीजच्या आधी, आणि तेही सर्व्हरकडे तोंड करून. भुताखेतांचं तर नावच सोडा. या सदरातले लोकांचे अनुभव मी आजवर चहाबरोबर खारी खावी तसे खाल्लेत... मजेत, आणि एकावरही विश्वास न ठेवता. त्यामुळे आता मीच लिहायला बसलोय हे बघून मंजिरी, म्हणजे माझी बायको, मागे उभी राहून हसतेय. ती जिथे हसायची थांबते तो भाग पुढे आहे.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. पुण्याच्या कंपन्या तेव्हा जपानला इंजिनियर पाठवत होत्या, त्या लाटेत मीही कावासाकीला येऊन पडलो. जपानी परीक्षेची एक पातळी पास झालो होतो आणि त्या सर्टिफिकेटच्या जोरावर आपल्याला जपानी येतं असं मानत होतो. मंजिरी नागपूरची. ती वॉर्ड ऑफिसच्या फुकट क्लासला गेली, मग स्टेशनजवळच्या बेकरीत आरुबाइतो, म्हणजे पार्टटाइम, करायला लागली आणि वर्षभरात तिथल्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांची सुनांबद्दलची गाऱ्हाणी ऐकण्याइतकी तयार झाली. थोडक्यात, मी व्याकरण बोलायचो आणि ती जपानी बोलायची. हे मला तेव्हा मान्य नव्हतं.

ऑगस्टात ओबोनची सुट्टी लागली. ऑफिसातली मंडळी आपापल्या गावी गेली. घरातली गेलेली माणसं त्या दिवसांत परत येतात म्हणे, त्यांच्या स्वागताला. आमचं कोणीच येणार नव्हतं, म्हणून आम्ही इरिओमोतेला गेलो.

जपानच्या नकाशात जागा पुरत नाही म्हणून जी बेटं कोपऱ्यात चौकट करून दाखवतात, त्यातलं हे एक. आधी इशिगाकीला विमान, मग बोट. जवळजवळ सगळं बेट जंगल, बरंचसं नॅशनल पार्क, किनाऱ्याने मोजकी गावं. पाठीवर सॅक टाकून गावागावांतून चालत बेट बघायचं, हा माझा प्लॅन. सॅकमध्ये मेतकूट, भडंग आणि छोटा कुकर. कुकरची शिट्टी कावासाकीत राहिली होती हे पहिल्या मुक्कामी कळलं. मंजिरी म्हणाली, “छान. आता दगड म्हणून वाहा.”

चार दिवस मस्त गेले. शेवटच्या टप्प्यात आम्ही एका मिन्शुकूत, म्हणजे घरगुती लॉजमध्ये उतरलो. मालक मियारा-सान. सकाळी ते आकाशाकडे बघत म्हणाले, “वादळ येतंय. नदीवरच्या बोटी आज दुपारी तीनपर्यंतच. मग त्या ओढून वर बांधतील. तीनची चुकवू नका. जंगलात वादळात राहिलात तर तुम्हाला शोधायलाही कोणी येऊ शकणार नाही.”

नदीतून बोटीने वर जायचं, धक्क्यावर उतरायचं, जंगलातून धबधब्यापर्यंत चालायचं आणि त्याच वाटेने परत. वाट सोपी होती. झाडांना गुलाबी फिती बांधलेल्या, नदी कायम शेजारी. जाताना उजव्या हाताला, म्हणजे परत येताना डाव्या हाताला. एवढं लक्षात ठेवलं तर हरवणं शक्य नाही, असं मी मंजिरीला दोनदा समजावलं. समजावताना सॅकमधला कुकर खडखडत होता.

धबधबा बघून परत फिरलो. थोड्या वेळाने एके ठिकाणी फीत नसलेली पायवाट फुटताना दिसली आणि अर्थातच मी तिच्यात शिरलो. पोवळ्याच्या दगडांची गडगा घालावा तशी भिंत, एक विहीर, आणि मागे लाल कौलांचं बैठं घर. अंगण स्वच्छ झाडलेलं. पडवीत एक आजी बसल्या होत्या, निळ्या कापडाने डोकं बांधून. त्यांनी आम्हाला असं काही बघितलं की उशीर झाल्याबद्दल आता रागावतील असं वाटावं. मग हाताने ‘या’ म्हणाल्या.

चहा दिला, काळ्या गुळाचे खडे दिले. बोलणं असं फारसं झालंच नाही. त्यांची बोली मंजिरीलाही नीट कळेना. दहाएक मिनिटांत आम्ही उठलो. मंजिरीने कमरेत वाकून पाहुण्याने म्हणायचं ते रीतसर म्हटलं, “ओजामा शिमाशिता.” तुम्हाला त्रास दिला, या अर्थाचं.

आता माझी पाळी.

कोणाच्याही घरून निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, हे आपल्या हाडात असतं. माझी आई तर फोन ठेवतानासुद्धा कोणाला ‘जाते’ म्हणू देत नाही. आणि जपानीत ‘येतो’साठी मला एक झकास शब्द सापडला होता... ‘इत्तेकिमास’. जाऊन येतो. शब्दशः. मराठी आणि जपानी बहिणी आहेत ही माझी थिअरी मी ऑफिसात ज्याला-त्याला ऐकवायचो. तर मी खास मराठी जिव्हाळा जपानीत ओतून, हात जोडून म्हणालो, “ओबाआसान, इत्तेकिमास.”

आजी एकदम उजळल्या. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून त्या म्हणाल्या, “इत्तेराश्शाई.” जाऊन ये.

“बघ,” मी मंजिरीला वाटेत म्हणालो, “तुझ्या पुस्तकी नमस्कारापेक्षा...”

“तू काय म्हणालास? मी बूट घालत होते, ऐकलं नाही.”

“ते माझं आणि आजींचं.”

आम्ही फितींच्या वाटेला लागलो. नदी डाव्या हाताला. आभाळ भरून आलं होतं, पण वेळ भरपूर होता. चालतोय, चालतोय... आणि समोर पोवळ्याची भिंत. विहीर. लाल कौलं. या वेळी आम्ही घराच्या मागच्या बाजूने आलो होतो.

“तुला वाट सोडायची खोडच आहे,” मंजिरी म्हणाली.

“मी नाही सोडली. नदी डावीकडेच आहे. ऐक.”

नदीचा आवाज खरंच डावीकडूनच येत होता. आजी पडवीत नव्हत्या. चहाचे तीन पेले धुऊन पालथे घातलेले. तेवढ्यात आतल्या अंधारातून आवाज आला, “ओकाएरी.”

बाहेरून आलेल्या घरच्या माणसाला म्हणायचा शब्द. ‘आलास का.’ बाहेर जेवून ऑफिसात परत आलं की सगळे एकमेकांना म्हणतात आणि त्याला उत्तर एकच असतं. ते इतकं तोंडात बसलेलं की मी विचार न करता बोलून मोकळा झालो, “तादाइमा.” आलो.

मंजिरीने माझ्याकडे वळून पाहिलं. “असं काय म्हणतोस? तू काय इथे राहतोस?”

“अगं, सवयीने...”

आत कपाटाचं दार सरकल्यासारखा आवाज झाला. आम्ही थांबलो नाही. मागून पुन्हा ते “इत्तेराश्शाई” आलं आणि या वेळी मला ते आवडलं नाही.

आता पाऊस सुरू झाला. आम्ही जवळजवळ पळत होतो. मंजिरी एका मुळावरून घसरली आणि खाली बसलीच. घोटा बघता-बघता सुजला. मी तिची सॅक पोटावर घेतली, माझी पाठीवर, आणि तिचा हात खांद्यावर. घड्याळात अडीच होऊन गेले होते. मोबाइलला रेंज नव्हती. ती दात आवळून एका पायावर उड्या मारत होती. मी प्रत्येक फीत हाताने चाचपून पुढे जात होतो. डावीकडे नदी होती. सतत डावीकडे. हे मी आजही कुठल्याही देवासमोर शपथेवर सांगेन, सर्व्हरसमोरसुद्धा.

पुन्हा भिंत. विहीर. घर.

या वेळी पडवीखालच्या पायरीच्या दगडावर सपातांचा एक जोड ठेवला होता. इथे थोडं विषयांतर करतो. माझे पाय अकरा नंबरचे आहेत. जपानमध्ये मला कुठल्याही दुकानात जोडा मिळत नाही. ऑफिसच्या सहलीला गेलो की हॉटेलच्या सपातांतून माझ्या टाचा बाहेर लोंबतात आणि सगळे हसतात. हा जोड माझ्या मापाचा होता. नवा नव्हे. जुना, वापरून गुळगुळीत झालेला, अंगठ्याची जागा दबलेली. माझा डावा अंगठा बाहेरच्या बाजूला वळतो. ती खूणही तशीच वळलेली होती.

आणि पाहुण्यांचे जोडे तिथे नेहमी बाहेर तोंड करून लावतात, निघताना सोपं जावं म्हणून. हे आत तोंड करून होते.

मंजिरीने पायरी नीट पाहिली, डावीकडे, उजवीकडे. मग अगदी हळू म्हणाली, “माझ्यासाठी नाहीयेत.”

मी अजून त्या वळलेल्या खुणेकडेच बघत होतो.

“मिलिंद, निघताना तू तिला काय म्हणाला होतास? पहिल्यांदा.”

“इत्तेकिमास.”

ती मला इडियट वगैरे काहीतरी म्हणेल असं वाटलं. म्हणाली असती तर बरं झालं असतं. “ते आपल्या घरातून निघताना म्हणतात रे,” ती म्हणाली. “जिथे परत यायचंच असतं, तिथूनच. आणि वर तू तादाइमा पण म्हणालास.”

“मग आता?”

“आता मोड ते. जातो म्हण.”

मी घराकडे तोंड करून म्हणालो, “सायोनारा.” आवाज असा फाटका आला की क्लासातल्या पहिल्या धड्याची प्रॅक्टिस करतोय असं वाटलं. काहीच झालं नाही. कौलांवर पाऊस पडत राहिला. आत कुणीतरी भाताच्या भांड्याचं झाकण काढलं. वाफेचा वास थेट आमच्यापर्यंत आला. मला भूक लागली. मी हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं, पण तेव्हा मला इतकी भूक लागली की बूट काढावेत असं वाटलं. एक नाडी मी सोडलीही होती.

मंजिरीने माझी कॉलर धरली. “तुझ्या भाषेत म्हण. तुला समजेल असं म्हण.”

आयुष्यात न उच्चारलेला शब्द होता तो. आईचा चेहरा समोर आला. जीभ अक्षरशः उलटी वळत होती. तरी म्हटलं, “आजी... जातो.”

झाकणाचा आवाज थांबला. आणि आतून, शांतपणे, जराशा दुखावलेल्या सुरात उत्तर आलं:

“जातो म्हणू नये रे. येतो म्हणावं.”

मराठीत.

आता यातली खरी भीती काय ते सांगतो. घाबरून माझे पाय वगैरे लटपटले नाहीत. उलट, लहानपणापासून हे वाक्य ऐकलं की तोंडातून जे आपोआप निघतं तेच निघायला लागलं. “हो, ये...” एवढं बाहेर पडलंच होतं. पुढचं अक्षर निघायच्या आत मंजिरीचा तळहात माझ्या तोंडावर बसला. असा की ओठ दातांवर आपटून रक्त आलं. “एक शब्द बोललास तर मी तुला इथेच सोडेन,” ती कानात म्हणाली आणि त्याच हाताने तोंड दाबून, एका पायावर लंगडत, तिने मला अंगणातून बाहेर ओढलं. आम्ही कोणाचाही निरोप न घेता निघालो. सुटलेल्या नाडीवर मी तीनदा अडखळलो, पण खाली वाकलो नाही.

नदी डाव्या हाताला होती. पाचच मिनिटांत धक्का आला.

बोटवाला दोर सोडत होता. आम्हाला बघून खेकसला की वेळ बघा जरा. कुणाच्या खेकसण्यावर इतकं प्रेम करावंसं मला कधी वाटलं नव्हतं. मंजिरीने तोंडावरचा हात बोट मधल्या पात्रात गेल्यावर काढला.

रात्री वादळात मिन्शुकूच्या खिडक्या थडथडत असताना मी मियारा-सानना विचारलं, तिथे वर कोण राहतं? ते म्हणाले, हिवतापाने ते गाव त्यांच्या आजोबांच्या वेळीच उठलं. आता एक भिंत आणि विहीर उरलीय. कौलं? नाहीत. त्यांनी उलट काही विचारलं नाही. फक्त मंजिरीच्या घोट्याला बांधायला कापड आणून दिलं आणि माझा फाटलेला ओठ बघून म्हणाले, “ओकुसान कडक आहेत.” ओकुसान म्हणजे बायको.

पुढे मी मलाच बऱ्याच गोष्टी समजावून पाहिल्या. उकाडा, दमणूक, चुकलेली वाट, पावसात भास. सगळं पटतं. पण ते वाक्य आम्ही दोघांनी ऐकलं होतं. परत आल्यावर आठवडाभराने मंजिरी सहज म्हणाली, “बाई बोलत पण आमच्या नागपूरकडच्यासारखी होती नाही? ‘जातो नको म्हणू बाप्पा, येतो म्हन’.” मी म्हटलं, अजिबात नाही, स्वच्छ आमच्याकडचं होतं, ‘म्हणू नये’, ‘म्हणावं’. त्यावर आमचं चक्क भांडण झालं. मग दोघंही एकाच वेळी गप्प झालो. तो विषय पुन्हा निघाला तो आज, मी हे लिहायला घेतल्यावर.

आता आम्ही उरायासुला राहतो. मुलगा मराठी समजतो, उत्तर जपानीत देतो. रोज सकाळी दप्तर पाठीला लावून दारातून ओरडतो, “इत्तेकिमास.” मंजिरी आतून म्हणते, “इत्तेराश्शाई.” मी म्हणत नाही. मला त्या शब्दाचं वजन माहीत आहे. तो संध्याकाळी येऊन ‘तादाइमा’ म्हणेपर्यंत तो शब्द उघडाच राहतो.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. एक साधा हिशेब मात्र डोक्यातून जात नाही. मी त्या घरात ‘जाऊन येतो’ म्हणालो, ते त्यांनी ऐकून घेतलं. ‘जातो’ म्हणालो, ते त्यांनी घेतलंच नाही.

म्हणजे तिथल्या माहितीप्रमाणे मी अजून बाहेरच गेलोय.