धाडच्या लिंबाखालची बँक

बुलढाण्याहून एसटी सुटली, तेव्हा माझ्या खिशात आमच्या पुण्याच्या ऑफिसातल्या साहेबांची चिठ्ठी होती. त्यांच्या धाडच्या मेहुण्याला विहिरीच्या इंजिनाचं कर्ज आधी मिळावं, एवढंच त्यांनी तिथल्या बँक मॅनेजरांना लिहिलं होतं. बँका सरकारी होऊन फार दिवस झाले नव्हते. सरकारी म्हटलं की वशिला आलाच, असं आम्ही पुणेकर शहाणे धरूनच चाललो होतो.

धाडला आठवडी बाजार भरला होता. एका पालात भाकरी आणि ठेचा खाल्ला. पहिल्याच घासाला नाकाडोळ्यांतून पाणी! शेजारची बाई तांब्या पुढे करून हसली.

"पानी प्या, भाऊ. ठेचा माह्याच मिरचीचा हाय."

ती सरजाबाई, मळेवाली. तीही बँकेतच निघाली होती.

"तीन बाजार झाले, येऊन राह्यली मी. यंदा एकाच इंजिनाचं कर्ज उरलं म्हन्तेत. नाही भेटलं तं मिरची वाळते माही."

मी तांब्या खाली ठेवला. तेच एक कर्ज माझ्या खिशातली चिठ्ठी पळवणार होती.

बँकेचं टेबल चक्क बाहेर, लिंबाखाली मांडलेलं. बाजाराच्या दिवशी मॅनेजर कुणालाच आत बोलावत नसत. कडक इस्त्रीच्या कपड्यांतल्या एकानं रांग मोडून तसलीच एक चिठ्ठी पुढे केली. मॅनेजर उठले आणि दवंडी द्यावी तशी ती वाचू लागले, "आपला माणूस आहे, सांभाळून घ्यावे."

"कोनाचा मानूस बे?" रांगेतून आवाज आला. हशा पिकला. वशिल्याचं तट्टू मुकाट रांगेच्या शेपटाला गेलं. मला तो चष्मेवाला, किरकोळ अंगाचा मॅनेजर फार आवडला.

मग मॅनेजरांनी मला विचारलं, "आपलं काय काम?"

सरजाबाई माझ्याकडेच बघत होती. खिशातला हात मी रिकामाच बाहेर काढला. "काही नाही. बाजार बघायला आलो."

सरजाबाईची पाळी आली. "बाईला कोण ओळखतं?" त्यांनी रांगेला विचारलं.

"हाव, मी वळखतो! माह्या बांधाले लागून मळा हाय तिचा. कष्टाची बाई हाय," रांगेतला एक शेतकरी ओरडला.

सरजाबाईनं कर्जाच्या कागदावर अंगठा उठवला आणि पदरानं डोळे पुसले. परतताना तिनं माझ्या पिशवीत पसाभर मिरच्या टाकल्या. लाज आणि आनंद एकदमच वाटला.

पुण्यात साहेबांनी विचारलं, "चिठ्ठी दिलीत?"

ती सगळ्या ऑफिससमोर मोठ्यानं वाचावी असं फार वाटलं. तेवढी छाती माझी नव्हती. मी ती त्यांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "साहेब, तिथं रांग आहे."