उंबऱ्यावर थांबलेली गौर

गेल्या वर्षी गौरी आवाहनाच्या सकाळी, सव्वादहाच्या सुमारास, जोगेश्वरीतल्या आमच्या इमारतीच्या नळावरून तेरड्याची गौर घरी आणताना मला पाळी आली. सात महिन्यांनी, पाळी आणायच्या गोळीशिवाय आली.

त्या दिवसांत माझी श्रद्धा डळमळली होती. वय एकतीस, वजन चौऱ्याऐंशी किलो, आजार पीसीओएस. डॉक्टरांनी कागदावर गोल काढून समजावलं होतं: या विकारात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, त्याने वजन वाढतं, वाढलेलं वजन तोच बिघाड आणखी वाढवतं आणि पाळी लांबते. दोष फक्त माझ्या ताटातल्या भाताचा नाही, हे मला पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं. पाच महिन्यांत मी सहा किलो उतरवले. पाळी आली नाही. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर जाड दिसलं. "गणपतीनंतर या. तोवर आली नाही तर तुकडा काढून तपासू," डॉक्टर म्हणाल्या. कशासाठी, असं मी विचारलं. "कर्करोग नाही ना, एवढं बघायला."

चालणं व्हावं म्हणून मी रोज सकाळी लेण्यांतल्या देवीला जायचे आणि रोज तेच मागायचे. बाहेर ओटीचं सामान विकणाऱ्या बाईंनी एकदा हटकलं, "रोज एवढं काय मागतेस गं?" अनोळखी बाईला मी सगळं का सांगितलं, ते मला आजही माहीत नाही. त्या म्हणाल्या, "एकदा सांगितलंस ना? मग बस. देवी काय बहिरी आहे? तू फक्त येत जा." त्यानंतर मी मागणं थांबवलं. पायऱ्या उतरायचे, हात जोडायचे, पायऱ्या चढायचे.

आमच्याकडे गौर आणणारी तोंडात पाणी धरून, न बोलता येते. चार वर्षं ते काम माझ्याकडेच होतं. "तुझं बरंय गं, तुला कधी अडचणच नसते," जाऊ हसून म्हणायची. त्या दिवशी ती स्वतः पाळीमुळे आतल्या खोलीत बसली होती. सासूबाईंच्या गुडघ्यांना जिना झेपत नव्हता.

पहिल्या मजल्यावर पोटात कळ आली. दुसऱ्यावर खात्री झाली. तोंड उघडलं तर गौर दारात अडणार होती, मिटून ठेवलं तर देवीशीच लपवाछपवी होणार होती. उंबऱ्यापर्यंत पोचले. सासूबाई ओवाळायचं ताट घेऊन उभ्या होत्या. मी पाणी बाजूच्या कुंडीत टाकलं आणि म्हटलं, "आई, मला पाळी आली."

त्या एक पाऊल पुढे आल्या. "इली? खरांच इली?"

मी मान हलवली. त्यांनी आधी गौरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोळे पदराने पुसले. "गौरच पावली तुका. आता तुझ्याच हातान घरात येऊंदे तिका."

आतून जावेचा आवाज आला, "मग मीपण बाहेर येऊ?"

"ये गो. भाकऱ्यो थापूक घे."

रांगोळीच्या पावलांवरून मी गौर आत नेली. देव्हाऱ्यापुढे मला काही मागायचं सुचलं नाही. नुसती बसून राहिले.

विसर्जनानंतरच्या आठवड्यात सोनोग्राफी झाली. अस्तराची जाडी उतरली होती. तुकडा काढण्याची गरज नाही, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं.